चित्रकथेचा ताळेबंद

जपानमध्ये सोमवारचा पहिला क्षण सुरू होतो तेव्हा कोथरूडमध्ये रविवारच्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या आपल्या घरांत ती निवांत गप्पांची वेळ. पण आयडियल कॉलनीपासून डहाणूकर कॉलनीपर्यंतच्या अनेक घरांत त्या क्षणी एखादा नववीतला मुलगा किंवा महाविद्यालयात जाणारी मुलगी मोबाइल घेऊन कोपऱ्यात सरकते. टोकियोच्या शुएइशा या प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०१९ मध्ये ‘मांगा प्लस’ नावाची सेवा सुरू केली. तिच्यावर गाजलेल्या जपानी चित्रकथांचे नवे प्रकरण जपानी वाचकाच्या हाती पडते त्याच घटकेला इंग्रजीतून जगभर खुले होते, आणि तेही विनामूल्य. एइइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही चाच्यांची कथा जुलै १९९७ मध्ये सुरू झाली आणि अद्याप संपलेली नाही. तिचे पुढचे वीस पानी प्रकरण वाचण्यासाठी आमच्या सोसायटीतली मुले जी उत्कंठा दाखवतात, ती आम्ही आमच्या काळी फक्त बोर्डाच्या निकालासाठी दाखवली होती.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे यावर दोनच अभिप्राय ऐकू येतात. एक, ‘ही कसली कार्टुने!’ आणि दुसरा, ‘आपल्याकडे गोष्टी नाहीत का?’ पहिल्या अभिप्रायाला उत्तर देण्याची गरज नाही. दुसरा मात्र गंभीर आहे. आयुष्याची चौतीस वर्षे बँकेच्या कर्जविभागात काढल्यामुळे एखादा धंदा का चालला आणि शेजारचा का बसला, हे कागद मांडून पाहण्याची मला सवय आहे. चित्रकलेतील रेषा जाणणारे माझ्याहून अधिकारी लोक पुण्यात पुष्कळ आहेत. मी त्या रेषेमागचा जमाखर्च वाचकांपुढे ठेवणार आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे की परदेशी नायक ही आपल्या घरांत काही आज आलेली आपत्ती नव्हे. माझ्या पिढीने ‘चांदोबा’ वाचला, तद्वत इंद्रजाल कॉमिक्सही वाचली. १९६४ साली सुरू झालेल्या आणि १९९० मध्ये बंद पडलेल्या त्या मालिकेतला आमचा लाडका वेताळ हा मूळचा अमेरिकन ‘फँटम’. ली फॉक यांनी त्याला १९३६ साली जन्म दिला. मराठीत आल्यावर तो आमच्या इतका अंगवळणी पडला की त्याची कवटीची अंगठी आणि खोल जंगलातली गुहा आम्हाला पानशेतच्या पलीकडेच कोठेतरी असावी असे वाटे. हे घडले कारण तो मराठीत बोलत होता. आजचा फरक नेमका तेथे आहे आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

जपानशी पुण्याचा संबंधही जुना. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने मराठी मध्यमवर्गाला जपान घरबसल्या दाखवला. पुढे त्यांच्याच नावाने सिंहगड रस्त्यावर जे उद्यान उभे राहिले, ते ओकायामा शहरातील कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेच्या धर्तीवर. शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला आणि रुजवला. जपानी भाषा शिकणाऱ्यांच्या संख्येत पुणे देशातील अग्रणी शहरांपैकी एक आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांखेरीज कोथरूडच्या गल्ल्यांत घरगुती वर्गांच्या पाट्याही दिसतात. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंतच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलांपैकी काहींचे ध्येय माहिती तंत्रज्ञानातील नोकरीचे असते. कुशल कामगारांसंबंधी जानेवारी २०२१ मध्ये भारत व जपान यांच्यात करार झाल्यापासून त्यात आणखी एक वाट उघडली आहे. पण वर्गात पहिल्या दिवशी ‘जपानीच का?’ असे विचारले तर बरीच मुले एखाद्या अ‍ॅनिमेचे नाव घेतात, असे तेथे शिकवणाऱ्या एका परिचित बाईंनी मला सांगितले. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी सचेतपट आणि मांगा म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली छापील चित्रकथा, एवढी परिभाषा या लेखापुरती पुरेशी आहे.

त्या मुळाशी जाऊ. ‘शोनेन जम्प’ हे कुमारांसाठीचे नियतकालिक १९६८ साली निघाले आणि लवकरच साप्ताहिक झाले. टेलिफोन डिरेक्टरीसारखा जाडजूड अंक, हलका खरबरीत कागद, एका रंगाची छपाई, किंमत शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल एवढी. एका अंकात वीसेक कथा, प्रत्येकीचे एक प्रकरण. अंक रेल्वेत वाचून तेथेच टाकून द्यावा, अशीच त्याची रचना. १९९४च्या अखेरीस या एका साप्ताहिकाचा खप ६५ लाख ३० हजार प्रतींवर पोहोचला होता.

अंकासोबत एक पोस्टकार्ड असे. वाचकाने त्यावर आपल्याला आवडलेल्या तीन कथांची नावे लिहून पाठवायची. दर आठवड्याला त्यांची मोजदाद होई. नवी कथा दहा-पंधरा आठवड्यांत वर चढली नाही तर ती गुंडाळली जाई, मग चित्रकार कितीही नामवंत असो. हे क्रूर आहे, याबद्दल दुमत नाही. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही कर्ज देण्यापूर्वीची छाननी आहे, आणि ती करणारा अधिकारी बारा-चौदा वर्षांचा आहे. स्वस्त कागदावर, थोड्या भांडवलात, वीस कल्पना बाजारात उतरवायच्या. त्यांतल्या ज्या दोन-तीन तगतील त्यांचेच पुढे चांगल्या कागदावर पुस्तक काढायचे. पुस्तक खपले तर सचेतपट. सचेतपट चालला तर खेळणी, वह्या, चित्रपट. प्रत्येक पायरीवर खर्च वाढतो, पण तोवर जोखीम घटलेली असते. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. प्रथम चित्रपटावर कोटी खर्च करायचे आणि मग प्रेक्षक आहेत की नाहीत हे पाहायचे.

सचेतपटाच्या खर्चाची कथाही अशीच बोधक आहे. ओसामु तेझुका हे शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने चित्रकार. त्यांच्या ‘अ‍ॅटम’ या यंत्रबालकाची मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. वाहिनीकडून मिळणाऱ्या पैशांत भाग तयार होत नव्हता. तूट भरून निघाली ती अ‍ॅटमच्या चित्रांच्या विक्रीतून. मेइजी कंपनीच्या चॉकलेटच्या डबीत अ‍ॅटमचे स्टिकर मिळत आणि मुले चॉकलेटपेक्षा त्यासाठीच डबी घेत. मालिका तोट्यात आणि पात्र नफ्यात, ही गणिताची रीत तेथून रूढ झाली.

पुढे खर्च वाढला तसा एकट्याने भार उचलणे अशक्य झाले, तेव्हा निर्मिती-मंडळाची पद्धत आली. १९८८च्या ‘अकिरा’ चित्रपटामागे असे एक मंडळ होते. त्यात कथेची प्रकाशक कोदान्शा, खेळणी करणारी बांदाई, चित्रपट वितरक तोहो, जाहिरातसंस्था हाकुहोदो, एक दूरचित्रवाणी कंपनी आणि चक्क सुमितोमो ही व्यापारी पेढी होती. प्रत्येकाने आपापला वाटा घातला, प्रत्येकाने आपल्या धंद्यापुरते हक्क घेतले. बँकांत मोठ्या प्रकल्पाला एकच बँक कर्ज देत नाही. पाच-सहा बँका मिळून कन्सॉर्शियम करतात, म्हणजे प्रकल्प बुडाला तरी कोणी एक बुडत नाही. हे तेच तत्त्व. माझ्या नोकरीत साखर कारखान्यांसाठी मी ते राबवलेले पाहिले. एका चित्रकथेसाठीही ते राबवता येते, हे मला निवृत्तीनंतर नातवामुळे समजले.

या ताळेबंदाची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. मंडळातले भागीदार नफा वाटून घेतात. प्रत्यक्ष चित्रे काढणारा स्टुडिओ पुष्कळदा ठरलेल्या रकमेचा कंत्राटदार असतो. मधली जोडचित्रे काढणाऱ्या नवख्या कलाकाराला एका चित्रामागे दोनशे येनच्या आसपास मिळतात, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये, आणि टोकियोतल्या घरभाड्यापुढे ते काहीच नव्हेत. साप्ताहिकाच्या मुदतीपायी चित्रकारांच्या प्रकृती ढासळतात, त्यासाठी मालिका थांबवल्या जातात. जपानी यशाचे गोडवे गाताना ही रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिलीच पाहिजे. अलीकडे काही स्टुडिओंनी स्वतःच भागीदार होण्याचा मार्ग धरला आहे. ‘डीमन स्लेयर’चा २०२० मधला चित्रपट, ज्याने जपानमध्ये ४० अब्ज येनहून अधिक उत्पन्न मिळवून ‘स्पिरिटेड अवे’चा विक्रम मोडला, तो अवघ्या तीन भागीदारांचा होता आणि त्यांतला एक म्हणजे चित्रे काढणारा युफोटेबल हा स्टुडिओ.

आता पुण्याकडे वळू. नोव्हेंबर १९९१ मध्ये दैनिक ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ अवतरला. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशीकाकू ही मंडळी पुण्याच्या कोणत्याही वाड्यात किंवा सोसायटीत सापडतील अशी. सकाळी वर्तमानपत्र आले की आजोबा आणि नातू दोघेही प्रथम एकाच चौकटीकडे वळत, हे भाग्य फार थोड्या पात्रांना लाभते. लक्षात घ्या, चिंटू हा ‘वन पीस’च्या लुफीपेक्षा वयाने जवळजवळ सहा वर्षांनी मोठा. त्याची पुस्तके निघाली, श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली २०१२ मध्ये चित्रपट आला, पुढच्याच वर्षी ‘खजिन्याची चित्तरकथा’ हा दुसरा आला, आणि मोठ्या पडद्यावरची त्याची गाडी तेथेच थांबली.

त्याहून आधीचा आपला नायक म्हणजे फुरसुंगीचा बनेश, अर्थात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. सायकल, उचापती आणि तोंडातून निघणारे ते ‘ट्टॉक’! विसेक पुस्तके, दूरदर्शनवर मालिका आणि २०१७ मध्ये अमेय वाघला घेऊन निघालेला चित्रपट. चित्रपट लोकांना आवडला. परंतु त्यापूर्वी किंवा नंतर फेणेची वीस पानी चित्रकथा दर आठवड्याला मुलांच्या हाती पडली, असे कधी झाले नाही. कारण ती छापणारे साप्ताहिकच मराठीत नव्हते. ‘किशोर’ हे बालभारतीचे मासिक १९७१ पासून निष्ठेने चालले आहे, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि त्यांतली चित्रे आजही पाहत राहावी अशी आहेत. पण ते मासिक, शासकीय, आणि त्याचा हेतू शैक्षणिक. आपले दिवाळी अंक म्हणजे वर्षातून एकदा भरणारी जत्रा. दर आठवड्याला मुलाला ‘पुढे काय?’ असे विचारायला लावणारी यंत्रणा आपण उभीच केली नाही. प्रतिभा होती, वाचक होते, पात्रेही होती. मधला पूल नव्हता. यात लेखक-चित्रकारांचा दोष मला दिसत नाही. दोष असेल तर तो भांडवल बाळगून असलेल्या आपल्यासारख्या व्यापारी-व्यावसायिक समाजांचा अधिक आहे. आपण सदनिकांत गुंतवले, सोन्यात गुंतवले, शेअर बाजारातही गुंतवले. गोष्टीला आपण कधी मालमत्ता मानलेच नाही.

जपानी लोक ती कशी मानतात, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच अंगणातले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही सचेत मालिका सुरू झाली. मुंबईच्या झोपडपट्टीतला मुलगा, कठोर शिस्तीचा बाप आणि क्रिकेटचे स्वप्न. पाहणाऱ्याला ती अस्सल मुंबईची वाटावी. मूळ कथा मात्र १९६६ साली कोदान्शाच्या साप्ताहिकात सुरू झालेल्या बेसबॉलवरील मांगाची. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि टोकियोच्या जागी मुंबई एवढा बदल केलेला. मालिकेत जपानशी संबंधित कंपन्यांच्या वस्तू दिसत. त्यांत मारुती सुझुकीची वाहने होती आणि कोकुयो कॅम्लिनही होती. कॅम्लिन म्हणजे दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेला आपला मराठी उद्योग, ज्याच्या उंटछाप कंपासपेटीवाचून आमची एकही परीक्षा झाली नाही. २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने त्यात बहुतांश हिस्सा घेतला आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी या मालिकेत येऊन बसली. मालिका फार गाजली नाही. तरीही पन्नास वर्षांपूर्वीच्या कथेतून अजून भाडे कसे वसूल करावे, याचा तो वस्तुपाठ होता.

कोरियाची कथा वेगळी आहे आणि ती अधिक सरकारी वळणाची. ‘ज्युरासिक पार्क’ या एका चित्रपटाची कमाई १५ लाख ह्युंदाई मोटारींच्या निर्यातीएवढी आहे, असा अहवाल १९९४ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांपुढे गेल्याचे सांगतात. १९९७च्या आर्थिक संकटानंतर १९९९ मध्ये त्यांनी सांस्कृतिक उद्योगांसाठी स्वतंत्र कायदाच केला. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला, आणि दुपारच्या वेळी आमच्या सोसायटीतल्या भगिनी सोलमधल्या सासू-सुनांच्या मालिका पाहून डोळे पुसतात. ‘आपल्यासारखेच आहे हो सगळे, फक्त घरात चपला घालत नाहीत हे अधिक चांगले,’ असे एका वहिनींचे मत पडले. या विषयावर त्यांनीच लिहावे. माझा अभ्यास तेवढा नाही.

पालक आणखी एक शंका काढतात, ती हिंसेची. अहिंसेचे संस्कार देणाऱ्या घरात तलवारी आणि रक्त कशाला, हा प्रश्न रास्त आहे. २००८ मध्ये ‘शिनचॅन’च्या आचरटपणावर तक्रारी आल्या तेव्हा केंद्र सरकारने ती मालिका काही काळ बंद केली होती. सगळे अ‍ॅनिमे मुलांसाठी नसते. जपानमध्ये प्रौढांसाठीही ते विपुल निघते, तेव्हा वयाची खूण पाहूनच मुलाला परवानगी द्यावी. मी नातवाबरोबर ‘डीमन स्लेयर’चे काही भाग नेटाने पाहिले. युद्धाचे प्रसंग मला लांबलचक आणि कर्कश वाटले. मात्र त्यातला तांजिरो हा मुलगा मरणाऱ्या राक्षसाचा हात हातात घेऊन त्याच्या पूर्वायुष्याबद्दल हळहळतो, तेथे मी थांबलो. आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांतल्या खलनायकाला एवढी करुणा कधी मिळाली नाही.

माझी खरी चिंता वेगळी आहे. ‘डोरेमॉन’ २००५ पासून हंगामा वाहिनीवर हिंदीत आला आणि मराठी घरांतली चार वर्षांची मुले आईकडे शुद्ध हिंदीत खाऊ मागू लागली. २०२५ साली दोन जपानी सचेतपट भारतभर मोठ्या पडद्यावर आले. जानेवारीत आला युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी मिळून १९९२ मध्ये पूर्ण केलेला ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’, जो तीन दशके सर्वसाधारण चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलाच नव्हता. सप्टेंबरात आला ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’. दोन्ही हिंदीत होते, तमिळमध्ये होते, तेलुगूमध्ये होते. मराठीत एकही नव्हता. वितरकाला दोष देता येत नाही. मराठी प्रेक्षक हिंदीत पाहतोच, तर वेगळे खाते उघडण्याचा खर्च त्याने का करावा? वेताळ मराठीत बोलत होता तेव्हा तो आमचा झाला. तांजिरो कोथरूडच्या मुलांशी जपानी, इंग्रजी आणि हिंदीत बोलतो, आणि ती मुलेही मग आपसांत त्याच्याविषयी मराठीत बोलेनाशी होतात.

२०२५ मध्येच महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सचेतपट, दृश्य-परिणाम आणि गेमिंग या उद्योगांसाठी धोरण मंजूर केले. जागा मिळतील, सवलती मिळतील, नोकऱ्या मिळतील. हे स्वागतार्ह आहे. पण आपले स्टुडिओ अनेक वर्षे परदेशी कंपन्यांचे जॉबवर्क करीत आले आहेत आणि त्यात मजुरी मिळते, मालकी मिळत नाही. बँकेत आम्ही जॉबवर्कच्या युनिटला खेळते भांडवल देताना नेहमी विचारत असू, तुमचा स्वतःचा माल कोणता? हा प्रश्न त्या धोरणाच्या अर्जातही असावा.

आमच्या सोसायटीच्या वाचनालयाची नोंदवही दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. मुलांच्या आग्रहावरून मी इंग्रजी मांगाचे काही खंड आणले, एकेकाला चारशे-पाचशे रुपये मोजून. शेजारच्याच कप्प्यात चिंटूची पुस्तके ठेवली. चिंटू नेतात ती तिसरी-चौथीची मुले, आणि ती परत करताना पाने मोडून आणतात म्हणजे मनापासून वाचत असावीत. मांगा नेतात ती आठवीच्या पुढची. पाचवी ते सातवीच्या मुलांच्या नावापुढे महिनोन्‌महिने रकाना कोरा असतो. त्या वयाला चिंटू लहान होतो आणि मांगाचे इंग्रजी जड जाते. सध्या त्यांच्यासाठी फास्टर फेणेच्या जुन्या प्रती गोळा करतो आहे. आठ मिळाल्या, त्यांतल्या तीन बाइंडरकडे आहेत, कारण त्यांच्या शिवणी सुटल्या होत्या.